आवाज केव्हा येतो? : प्रस्तावना

"आवाज येतोय" एवढे बोलून सायकल भिंतीला टेकवणारे गिऱ्हाईक कोणत्याही मेकॅनिकला नको असते. पंक्चर असेल तर ट्यूब पाण्यात बुडवली की बुडबुडा दिसतो. चेन तुटली असेल तर ती हातात घेऊनच माणूस आलेला असतो. पुढच्या चाकाचा आठ करून आणणारासुद्धा परवडला, काय झाले ते दुरूनच दिसते. आवाजवाल्याचे तसे नाही. दुकानासमोर दोन चकरा मारल्या की आवाज गप्प बसतो, आणि घरचा रस्ता धरला की पुन्हा सुरू होतो. तेव्हा मेकॅनिक सगळ्यांत स्वस्त उपाय करतो. चेनला तेल सोडतो, चेन हाताने दोनदा उलटी फिरवतो आणि "बघा आता" म्हणतो. कधी त्याने भागतेही. भागत नाही तेव्हा काय करायचे, यासाठी ही पुस्तिका आहे.

"कुठून येतोय?" हा प्रश्न सगळेच आधी विचारतात, आणि घोळ तिथेच सुरू होतो. आवाज डावीकडून आला की उजवीकडून, हे आपल्याला दोन कानांमुळे कळते. एका कानाला तो किंचित आधी पोहोचतो, दुसऱ्याला किंचित उशिरा, आणि मेंदू त्या फरकावरून बाजू ठरवतो. सायकलीचे जवळजवळ सगळे भाग मात्र स्वाराच्या बरोबर मधल्या रेषेत, एकामागे एक, बसवलेले असतात. हँडलचा गळा, सीटची नळी, बीबी, मागचा हब यांपैकी कशातूनही निघालेला आवाज दोन्ही कानांना एकदमच पोहोचतो. तो पुढचा की मागचा, हे सांगायला मेंदूपाशी फारसा पुरावा उरत नाही. त्यात फ्रेम म्हणजे पोकळ नळ्यांचा सांगाडा. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, पोलादात सुमारे ५,००० मीटर. सीटखाली झालेली कुरकुर क्षणात फ्रेमभर पसरते आणि जी नळी जास्त घुमते तिथूनच ती आली असे वाटते. बहुतेकांचे बोट बीबीकडे जाते. दोन्ही क्रँक ज्या धुरीवर बसतात त्या जागेचे, बॉटम ब्रॅकेटचे, हे दुकानी नाव. मग बीबी खोलली जाते, कप बदलतात, छर्रे बदलतात, ग्रीस भरले जाते, पैसे दिले जातात. आवाज सीटच्या क्लिपमधून येत राहतो.

म्हणून या पुस्तिकेत जागेचा प्रश्न शेवटी ठेवला आहे. आधी पाहायचे ते आवाज केव्हा येतो हे: पायडल मारताना की नुसते घरंगळताना, बसल्यावर की उभे राहिल्यावर, आणि पायडलच्या किती फेऱ्यांना एकदा.

सुरतेत असे शिकवायला आणखी एक कारण आहे. लिंबायत, उधना, पांडेसरा या भागांत खानदेशातून आलेली मराठी वस्ती दाट आहे. जुन्या ताप्ती व्हॅली रेल्वेच्या रुळांवरून नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, जळगावची माणसे पोटासाठी इथे आली. महापालिकेच्या मराठी शाळा त्यांच्याच मुलांसाठी चालल्या. यांतली पुष्कळ माणसे सांचा-खात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, बारा तासांच्या पाळीत उभी असतात, आणि खात्यापर्यंत सायकलीने जाणारे त्यांत अजूनही आहेत. शटलचे माग सुरू असताना त्या खोलीत शेजाऱ्याशी बोलायचे तर तोंड त्याच्या कानाशी न्यावे लागते. कारखान्यांच्या नियमांत आठ तासांसाठी ९० डेसिबलची मर्यादा आहे. मागांच्या खोलीतला गोंगाट ती सहज ओलांडतो, आणि पाळी आठ तासांची नसते. असा गोंगाट वर्षानुवर्षे सोसलेला कान एकदम बंद पडत नाही. आधी ४,००० हर्ट्झच्या आसपासचे बारीक, तीक्ष्ण आवाज त्याला ऐकू येईनासे होतात. चेनची चूंचूं, ब्रेकची किंचाळी, कोरड्या पायडलची किरकिर बरीचशी त्याच बारीक आवाजांत मोडते. गल्लीतल्या पोराला ऐकू येणारा आवाज सायकलीवर बसलेल्या बापाला ऐकू येत नाही, तो यामुळे.

पण याच माणसाजवळ एक गोष्ट असते ती शांत ऑफिसात बसणाऱ्याजवळ नसते. खोलीभर माग धडधडत असताना आपल्या एका मागाचा ठेका चुकला की तो मान वळवतो. आवाजाचा बारीकपणा त्याच्या कानातून गेला असेल. ठेका गेलेला नसतो, कारण ठेका पायाखालच्या फरशीतून आणि मागाच्या चौकटीवर टेकलेल्या हातातूनही कळतो. सायकलीचा आवाज ओळखायला नेमके हेच लागते. तळपायाला कळणारी ठक, हँडल धरलेल्या मुठीला कळणारी थरथर, आणि मोजणी. ही पुस्तिका कानावर कमी भर देते ती मुद्दाम.

मोजणीचा हिशेब सोपा आहे. आपल्याकडच्या साध्या काळ्या सायकलीला पुढच्या चेनव्हीलवर बहुधा ४४ दाते असतात, मागच्या फ्रीव्हीलवर १८, आणि चेनमध्ये ११२ कड्या. तुमच्या सायकलीचे आकडे वेगळे असतील तर मोजून भिंतीवर लिहून ठेवा, जन्मात एकदाच मोजायचे आहेत. पायडलची एक फेरी झाली की चाक ४४ भागिले १८, म्हणजे जवळजवळ अडीच फेऱ्या फिरते. आणि चेनचा एक वळसा पुरा व्हायला ११२ भागिले ४४, म्हणजे पुन्हा जवळजवळ अडीच पायडलफेऱ्या लागतात. चाक पायडलच्या पुढे पळते, चेन पायडलच्या मागे रेंगाळते. या दोन आकड्यांत अर्धे निदान आहे. पायडलच्या प्रत्येक फेरीला एकदा, त्याच जागी येणारा आवाज पायडल, क्रँक, कॉटर, बीबी किंवा चेनव्हीलचा असतो. एका फेरीत दोन-तीनदा येणारा आवाज चाकाचा: आउट आलेली रिम ब्रेकच्या रबराला घासत असेल, टायरला कुठे फुगा आला असेल, व्हॉल्व्हचे टोपण कशाला तरी लागत असेल. आणि दोन-तीन फेऱ्यांनी एकदाच येणारी 'टक्' ही चेनमधल्या एखाद्या आखडलेल्या कडीची. ती कडी लहान फ्रीव्हीलवरून वळताना सरळ होत नाही आणि उडी मारते. उजवा पाय खाली गेला की मनात आकडा म्हणायचा. दहा फेऱ्यांत आवाज किती वेळा आला ते पाहायचे. दहा, चोवीस की चार, यात घोटाळा होत नाही.

मोजण्याआधी तीन गोष्टी करून पाहाव्या लागतात, आणि त्यांना पानासुद्धा लागत नाही. चालत्या सायकलीवर पाय थांबवा. आवाज थांबला तर तो पायडल ते चेन या पट्ट्यातला आहे, सुरूच राहिला तर चाकांचा, ब्रेकचा किंवा मडगार्डचा. मग पायडल मारत सीटवरून उठा. उठल्यावर आवाज गेला तर सीट, सीटच्या स्प्रिंगा, क्लिप आणि सीटची नळी यांच्यापलीकडे पाहू नका. फक्त एवढ्याने कितीतरी बीबी खोलायच्या वाचतील. शेवटी सायकल उभी करून पुढचा ब्रेक आवळा आणि सायकल मागेपुढे हलवा. हँडलखाली बोटे ठेवली असता तिथे ठक लागली तर गळ्याचे कप ढिले आहेत. तीन मिनिटांचे काम. पुढच्या पानांतली प्रत्येक तक्रार या तीन प्रश्नांच्या उत्तरांनुसार लावली आहे, भागांच्या नावांनुसार नाही. बिघाड कोणत्या भागात आहे हेच माहीत नसताना भागाचे पान कसे उघडणार?

फेरीला एकदा येणाऱ्या आवाजाबद्दल थोडे जास्त लिहितो, कारण सर्वाधिक पैसे इथे वाया जातात. काळ्या सायकलीचा क्रँक धुरीवर कॉटरने पक्का होतो. कॉटर म्हणजे एका बाजूने सपाट तासलेली, निमुळती लोखंडी खुंटी. ती झिजली किंवा ढिली झाली की भार एका पायावरून दुसऱ्या पायावर जाताना क्रँक केसभर सरकतो आणि तळपायाला ठक लागते. चढावर, म्हणजे सपाट सुरतेत उड्डाणपुलावर, ती जास्त जाणवते. यावर घरोघरी होणारा उपाय म्हणजे कॉटरचा नट आवळणे. नट कॉटरला जागेवर धरतो, आत ओढून बसवायची ताकद त्याच्यात नाही. जोर लावला तर आटे जातात. कॉटर हातोडीने बसवायचा असतो आणि मग नट. हातोडी मारताना क्रँकखाली लोखंडाचा ठोकळा किंवा पाइपचा तुकडा उभा द्यायचा. तो न देता ठोकले तर प्रत्येक घाव धुरीतून बीबीच्या छर्ऱ्यांवर जातो, कपात खड्डे पडतात, आणि एका आवाजाच्या जागी दोन होतात. ठोकळा न देता ठोकणारे मेकॅनिक आहेत. त्यांच्याकडे सायकल नेऊ नये, इतके स्पष्ट मी इथे लिहून ठेवतो.

कॉटर घट्ट असेल तर पायडल. डाव्या पायाने एकट्याने, मग उजव्या पायाने एकट्याने सायकल मारून पाहा. आवाज एका बाजूचाच असेल तर बीबीवरचा संशय कमी करा. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात हे लक्षात ठेवा, नाहीतर सोडवायच्या नादात तेच आवळून बसाल. पायडलही नसेल तर चेनकव्हर पाहा. वाकलेले चेनकव्हर क्रँकला फेरीत एकदा चाटून जाते आणि थेट बीबीची नक्कल करते. त्याचा इलाज हाताने बाहेर वाकवणे हा आहे आणि तो फुकट आहे. एवढे झाल्यावरच बीबी.

बीबी खोललीच तर काळ्या सायकलीचा एक मोठा गुण उपयोगी पडतो. तिची मापे जुन्या विलायती मापांवर बेतलेली आहेत आणि सोनीपतची अ‍ॅटलस (१९५१) असो की लुधियानाची हीरो (१९५६), ती फारशी बदलली नाहीत. बीबीत पाव इंची छर्रे, एका बाजूला ११. मागच्या हबात तेच छर्रे, बाजूला ९. पुढच्या हबात ३/१६ इंची, बाजूला १०. अ‍ॅटलसचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी, नेमका जागतिक सायकल दिनी, बंद झाला. तरी अ‍ॅटलस वापरणाऱ्याचे छर्ऱ्यांवाचून अडले नाही, कारण ते कुणा एका कंपनीचे नव्हतेच. एक छर्रा फुटला असेल तर त्या बाजूचे सगळे बदला. जुने छर्रे झिजून बारीक झालेले असतात, त्यांत एक नवा टाकला की सगळा भार त्या एकट्यावर येतो.

चाकाचे आवाज ओळखायला रेल्वेकडून शिकण्यासारखे आहे. गाडी स्टेशनात थांबली की लांब दांड्याची हातोडी घेतलेला माणूस प्रत्येक चाकावर टोला हाणत पुढे जायचा, हे पन्नाशीपुढच्यांनी पाहिले असेल. धड चाक खणखणते, तडा गेलेले बद्द वाजते. सायकलीच्या तारांना हीच परीक्षा लागते. काळ्या सायकलीच्या पुढच्या चाकात ३२ तारा, मागच्यात ४०. चमच्याच्या दांड्याने एकेक तार वाजवत चाक फिरवा. एका बाजूच्या तारांची तुलना त्याच बाजूच्या तारांशी करा, कारण मागच्या चाकात फ्रीव्हीलकडच्या तारा जास्त ताणलेल्या असतात आणि त्यांचा सूर वरचा असतो. बद्द वाजणारी तार ढिली. चाक फिरताना जमिनीकडे आलेल्या तारांचा ताण दर फेरीला कमी होतो आणि वर जाताना पुन्हा भरतो. जोब्स्ट ब्रँट या अमेरिकेतल्या अभियंत्याने १९८१च्या 'द बायसिकल व्हील' या पुस्तकात हे आकडेमोडीने दाखवले आहे. ढिल्या तारेचा ताण तळाशी पार संपतो. ती शेजारणीवर घासून टिकटिकते, आणि अशा हजारो हेलकाव्यांनंतर वाकाच्या जागी तुटते. कॅरिअरवर कापडाचे ताके लादले की मागचे चाक वाजते आणि रिकाम्या सायकलीवर वाजत नाही, तेव्हा आधी तारा वाजवून बघाव्यात.

आता सुरतेच्या वर्षाबद्दल. आवाजांना ऋतू असतात, आणि प्रत्येक गावाचे वेगळे असतात.

जानेवारीत उत्तरायण. १४ तारखेच्या आधीपासून पुढे पंधरवडाभर रस्त्यावर मांजा पडलेला असतो, आणि सुरती मांजाची काच लावलेली धार सगळ्या गुजरातेत नावाजलेली. तुटलेला दोरा चाकात शिरतो, हबाच्या टोकाशी धुरीभोवती गुंडाळला जातो आणि वाट मिळेल तसा आतही सरकतो. आधी ग्रीस बाहेर ओढले जाते, मग कोरडी कुईकुई सुरू होते. नायलॉनचा मांजा, ज्यावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली बंदी घातली, तो कुजत नाही की तुटत नाही. काढला नाही तर वर्षभर तिथे राहील. चाक काढून, ब्लेडने कापून, चिमट्याने ओढावा. त्या दिवसांत गळ्याला जाड रुमाल गुंडाळून सायकल चालवावी हे आवाजाच्या विषयात बसत नाही, पण इथे सांगितले नाही तर कुठे सांगणार.

मांजा वर्षातून एकदा. सूत बारा महिने. पांडेसरा-उधन्याच्या औद्योगिक वसाहतींत कृत्रिम धाग्याचा कचरा रस्त्याकडेला पडलेला असतो. तो फ्रीव्हील आणि हबामधल्या फटीत जाऊन बसतो, तेल शोषतो आणि त्याचा घट्ट बोळा होतो. अशी सायकल पायडल मारताना बोलत नाही. घरंगळताना मात्र फ्रीव्हील मोकळे फिरायला कुरकुरते आणि पाय थांबवला की चेन वरून लोंबते. मेकॅनिक ज्यांना कुत्रे म्हणतात ते फ्रीव्हीलच्या आतले खटके अशाच मळाने चिकटले तर पायडल फुकट फिरते आणि भर चौकात सायकल उभी राहते. उपाय रॉकेलचा: फ्रीव्हील आडवे धरून रॉकेल सोडायचे, फिरवायचे, काळे पाणी निघेनासे झाले की पातळ तेलाचे चार थेंब. ग्रीस तिथे घालू नये, खटके पुन्हा चिकटतात.

पावसाळ्यात सीटच्या नळीतून उतरलेले पाणी बीबीत साचते. चार महिने कुणाला पत्ता लागत नाही. आवाज येतो तो दसऱ्यानंतर, पाणी सुकून गंज उरल्यावर. पुराचे तर विचारू नका. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणाचे पाणी सोडले आणि सुरतेचा मोठा भाग बुडाला, हे इथल्या प्रत्येक घराला आठवते. पुरात बुडालेली सायकल नळाखाली धुतली की नवी दिसते. हबात आणि बीबीत गेलेला तापीचा गाळ मात्र आतच असतो, आणि बारीक गाळ ग्रीसमध्ये मिसळला की पॉलिश पेपरचे काम करतो. अशी सायकल चालवून बघायचीही नाही. आधी सगळे छर्रे बाहेर.

रविवारी सकाळी डुमसच्या किनाऱ्याकडे जाणाऱ्या गिअरच्या सायकलींचा ऋतू वेगळा. डुमसची काळी वाळू चेनच्या तेलाला चिकटते आणि समुद्राची खारी हवा बोल्ट धरते. या मंडळींनी किनाऱ्यावर सायकल उतरवू नये आणि आल्यावर प्रेशरच्या पाण्याने धुऊ नये, एवढे पुरे. त्यांच्या सायकलींचे आवाज या पुस्तिकेत थोडक्यातच आहेत. डिस्क ब्रेक किंचाळत असेल तर बहुधा चेनवर मारलेला स्प्रे डिस्कवर उडालेला असतो. अ‍ॅल्युमिनियमच्या किंवा कार्बनच्या फ्रेममध्ये दाबून बसवलेली बीबी पुन्हा पुन्हा कुरकुरत असेल तर ती घरी ठोकू नका. कार्बनच्या सीटपोस्टला ग्रीस न लावता त्याची वेगळी पेस्ट लावतात. बाकी ज्याने सायकलीवर इतका पैसा घातला त्याने मेकॅनिकवरही थोडा घालावा.

तेलाबद्दल गैरसमज फार. खात्यातून आणलेले मागाचे तेल पातळ असते. दोन दिवस शांतता देते आणि गळून जाते. गॅरेजमधले काळे, वापरलेले तेल फुकट मिळते, पण त्यात इंजिनची झीज मिसळलेली असते. खोबरेल सुमारे २४ अंशांखाली गोठते, म्हणून उन्हाळ्यात चालल्यासारखे वाटते आणि सुरतेच्या थंडीच्या पहाटे चेनवर मेणासारखे बसून धूळ धरते. साधे मशीनचे तेल घ्या. प्रत्येक कडीच्या आतल्या बाजूला एक थेंब सोडा, चेन फिरवा आणि मग बाहेरचे सगळे तेल फडक्याने पुसून काढा. बाहेरून ओलीचिंब चमकणारी चेन ही निगा राखल्याची खूण समजली जाते. ती धुळीला आमंत्रण आहे. आणि तेलाने आवाज गेला म्हणजे बिघाड गेला असे नाही. चेन ताणली आहे का हे फूटपट्टीवर बघा: २४ कड्या बरोबर १२ इंच भरल्या पाहिजेत. १२ इंच आणि वर एक सूत भरल्या तर चेन बदला, नाहीतर ती फ्रीव्हीलचे दातेही खाईल.

काही आवाज सायकलीचे नसतातच. डब्यातला चमचा, खिशातल्या चाव्या, हँडलला अडकवलेले साखळीचे कुलूप, बुटाच्या नाडीचे टोक क्रँकवर आपटणे. यांतला प्रत्येक जण कधी ना कधी बीबी समजून दुकानात आलेला आहे. परीक्षा घेण्याआधी कॅरिअर आणि खिसे रिकामे करा.

उलट काही आवाज असे असतात की ते आले की उतरून चालत जावे. हँडल ओढताना गळ्यातून किंवा फोर्कच्या वरच्या टोकातून येणारी करकर त्यांत पहिली: तिथे काही तुटले तर सावरायला क्षणही मिळत नाही. चाकातून एकदाच आलेला 'टण्' आणि त्यानंतर डुलायला लागलेली रिम. ब्रेक दाबल्यावर लोखंडावर लोखंड घासल्याची खरखर. आणि सगळे आवळून, सगळे बदलून झाले तरी जात नाही अशी कुरकुर. ती फ्रेमला गेलेल्या तड्याची असू शकते. नळ्यांचे सांधे फडक्याने पुसा आणि रंगावर केसासारखी रेघ, तिच्या कडेला गंजाची तांबूस लकीर दिसते का ते उजेडात पाहा. वेल्डिंग करून अशा फ्रेमवर डबल सीट हिंडणारे पुष्कळ दिसतात. मी तसे करणार नाही.

ही पुस्तिका वाचून प्रत्येकाने घरी पाने घेऊन बसावे असा माझा आग्रह नाही. बहुतेक आवाज दुकानातच जावेत, पण माहितीसकट जावेत. "काय व्हयनं?" असे लिंबायतीतला मेकॅनिक विचारेल तेव्हा "आवाज येतोय" म्हणून थांबू नका. "पायडल थांबवलं की थांबतो, उठलो तरी येतो, फेरीला एकदा, डावा पाय खाली जाताना," असे सांगा. एवढ्या माहितीवर अर्धा तास वाचतो. सायकल धुऊनपुसून नेऊ नका, गळलेले ग्रीस आणि गंजाचे ओघळ हाही पुरावा असतो. त्याला स्वतः एक चक्कर मारू द्या, आणि तुम्ही नेहमी नेता तेवढे ओझे कॅरिअरवर ठेवून मारू द्या.

एक गोष्ट पैशांची. आपण मेकॅनिकला पैसे देतो ते सामानाचे आणि ते बसवण्याच्या मजुरीचे. तासभर डोके लावून त्याने सीटच्या क्लिपचा एक नट आवळला आणि आवाज गेला, तर आपण पाच-दहा रुपये पुढे करतो, तेही कुरकुरत. बीबी बदलली तर विनातक्रार शंभराची नोट काढतो. असा हिशेब असल्यावर तो बीबीच बदलेल, त्याचेही घर चालायचे असते. तेव्हा दुरुस्तीला देतानाच सांगा की आवाज सापडला तर शोधण्याची मजुरी वेगळी देईन. आणि काहीही बदलावे लागले नाही, तरी ती द्या.